रविवारची दुपार, आबा आणि 'श्वास'

सबमिशन संपलं, ओरल्स झाल्या आणि मी पीएलला घरी आलो. (पीएल अभ्यासासाठी असते हे मलाही माहीत आहे. सरांनी कृपया सरळ पुढच्या परिच्छेदावर जावं.) त्या रविवारी घरचे सगळे साताऱ्याला लग्नाला गेले होते. घरात फक्त मी आणि आबा, म्हणजे माझे आजोबा. आईने जाताना दोनच कामं सांगितली होती : आमटी गरम करून घेणे आणि बरोबर चार वाजता आबांच्या डोळ्यात ड्रॉप टाकणे.

जेवणं झाली. वाईला उन्हाळ्याच्या दुपारी इतकं शांत असतं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. होस्टेलच्या गोंगाटाची सवय झालेल्या माणसाला हे जरा जडच जातं! रिमोट घेऊन चॅनेल फिरवत बसलो, तर एका ठिकाणी 'श्वास' नुकताच सुरू झालेला.

हा सिनेमा २००४ साली आला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आईकडून नाव ऐकून होतो. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं, भारतातर्फे तो ऑस्करला गेला, त्या खर्चासाठी लोकांनी वर्गण्या काढल्या वगैरे वगैरे. खरं सांगू? अवॉर्डवाला सिनेमा म्हणजे हमखास झोप, असं माझं पक्कं मत. म्हणून उशी घेऊनच बसलो.

गोष्ट अगदी छोटी आहे. कोकणातले एक आजोबा नातवाला, परशुरामला, घेऊन शहरात डॉक्टरांकडे येतात. पोराच्या डोळ्यांना कॅन्सर असतो. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. बस्स, एवढीच. पण अरुण नलावडेंनी ते आजोबा असे काही केलेत की ते अभिनय करतायत असं वाटतच नाही. शहरातल्या इस्पितळात गावाकडचा माणूस कसा अंग चोरून उभा राहतो, ते बघा एकदा. माझी उशी कधी बाजूला गेली कळलंच नाही.

तेवढ्यात आबा आले. ''काय लावलंयस रं?'' म्हणत खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसले. माझ्या पोटात गोळा आला.

कारण आबांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. दिवाळीत डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेली नजर परत यायची नाही. घरी येऊन ठरलं, आबांना सांगायचं नाही, खचतील. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस! त्यांना 'ड्रॉपने हळूहळू बरं होईल' एवढंच माहीत. आणि समोर हा सिनेमा. चॅनेल बदलावं, तर आबांना संशय येणार. मी तसाच बसून राहिलो.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या आधी परशुरामला हे सांगायला हवं. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. नेमकी तिथेच जाहिरात लागली.

''डाक्टरचं बराबर हाय,'' आबा म्हणाले. ''डोळा पोराचा हाय. त्याला नको कळाय?''

मी गप्प. मग टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, ''माझं किती राहिलंय रं?''

''आबा, ड्रॉप चालू आहेत ना... होईल की बरं.''

''तुझा बाप बी हेच सांगतोय. तू विंजिनेर हायस ना? नीट सांग.''

यार, इतक्या व्हायवा दिल्या, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेवटी सांगितलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि बारीक जाळीतून बाहेर जात असतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साठतं, तसा तिथे दाब वाढतो आणि त्या दाबाने मागची नस वाळत जाते. नस एकदा वाळली की परत येत नाही. ड्रॉपमुळे दाब कमी राहतो, म्हणजे आहे ती नजर टिकवायची.

आबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ''म्हंजी ब्रेक हाय. रिवर्स न्हाई.''

''नाही, आबा.''

''हं. आवाज वाढीव.''

पुढे सिनेमातले आजोबा कुणालाही न सांगता नातवाला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात. डोळे जाण्याआधी पोराने जग बघून घ्यावं म्हणून. तो सगळा भाग मी आबांना सांगत होतो, डावीकडून कोण आलं, उजवीकडे काय आहे. मध्येच माझा आवाज गेला. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो ते बरं झालं.

चारला मोबाईलचा अलार्म वाजला. ड्रॉप टाकले. त्यानंतर पाच मिनिटं डोळे मिटून राहायचं असतं. ''बंद करू नगं, ऐकतो,'' आबा म्हणाले. उरलेला सिनेमा आम्ही तसाच संपवला.

रात्री बाबांना सांगितलं. ते भयंकर चिडले. ''तुला कुणी अधिकार दिला?'' म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. आबा त्या रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठले होते, ते मीही पाहिलं होतं.

मंगळवारी सकाळी सहाला आबा टोपी घालून दारात उभे. ''गाडी काढ. पसरणीचा घाट बघून येऊ.'' आयुष्यभर याच घाटातून त्यांनी महाबळेश्वरची गाडी नेली होती. स्प्लेंडरवर मागे बसून ते मान पूर्ण वळवून वळवून बघत होते, खाली वाई, पलीकडे धोमचं पाणी. प्रत्येक वळणाचं त्यांना काही ना काही आठवत होतं. मी ऐकण्याच्या नादात चढावर गिअर बदलायचा विसरलो.

''विंजिन रडतंय,'' मागून आवाज आला. ''सेकंड टाक.''

मी सेकंड टाकला.