एका नुक्त्याचा फरक

मराठी माध्यमातल्या मुलांना उर्दू लिपी शिकवताना मी फळ्यावर आधी चार सारख्या होड्या काढतो. खाली एक नुक्ता दिला की बे, खाली तीन दिले की पे. वर दोन दिले की ते, वर तीन दिले की से. अंग तेच, ओळख नुक्त्यावर. आणि एखादा नुक्ता उगाच पडला तर 'महरम'चा 'मुजरिम' होतो. घरच्या माणसाचा गुन्हेगार!

गेल्या वसंतात माझी भाची दक्षिण इंग्लंडमधून फोटो पाठवू लागली. "मामू, ही मधमाशी आहे की माशी?" तपकिरी, केसाळ, गुबगुबीत जीव, आणि तोंडापुढे सुईसारखी लांब सोंड. बघूनच भीती वाटावी. पण मधमाशीला पंख चार असतात, हिला दोनच. हिच्या मिशाही आखूड. ही बी-फ्लाय, म्हणजे मधमाशीच्या वेषातली माशी. त्या सोंडेने ती फुलातला मध पिते; तिला डंखच नसतो.

म्हणून ती अगदी गरीब, असंही नाही. मादी उडता उडता जमिनीतल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांकडे अंडी भिरकावते आणि तिची अळी त्यांच्या पिल्लांवर वाढते. भीती डंखाची घ्यायची नाही, पण खोटं प्रमाणपत्रही द्यायचं नाही.

माशी आहे हे कळल्यावर खरा प्रश्न आला: कोणती? तिथे वसंतात अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती उडतात. एक बॉम्बिलियस मेजर; हे नाव लिनियसने 1758 मध्ये दिलं. दुसरी बॉम्बिलियस डिसकलर. अंग पाहून फसायला होतं. पंख पाहावे लागतात. मेजरच्या पंखाची पुढची बाजू गडद तपकिरी असते, नागमोडी काठाची. डिसकलरच्या पंखावर, शिरा जिथे मिळतात तिथे, सुटे ठिपके असतात. इथेही नुक्तेच! उन्हाळ्याकडे आणखी दोन जाती येतात, त्यांचे पंख बिनडागी. त्यांच्यासाठी याहून बारीक खुणा शोधाव्या लागतात.

अडचण अशी की ही माशी फुलासमोर हवेत तरंगत राहते. फोटोत अंग स्पष्ट येतं, पंखांच्या जागी नुसता धूर. नेमकी ओळखीची जागाच पुसलेली. भाची म्हणाली, "मामू, इथे मेजरच जास्त असतात. मेजरच लिहू या."

मी म्हटलं, "बेटा, 'असेल' आणि 'आहे' यांत फरक आहे. पंख दिसत नाहीत तर फक्त बॉम्बिलियस लिही. तेवढं खरं आहे."

ती थोडी हिरमुसली. फोनमधलं ॲप तर लगेच पूर्ण नाव सांगत होतं. पण तिने तीन रकाने केले: मेजर, डिसकलर आणि नुसतं बॉम्बिलियस. तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला.

मला तो तिसरा रकाना फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या फोनवर रोज येणाऱ्या फोटोंना तो नसतो. धूसर चेहरा, टोपी, दाढी, किंवा नुसता बुरखा. खाली नाव, गाव आणि गुन्हा तयार. पाठवणाऱ्याने पंख पाहिलेले नसतात. आपल्या लोकांचे असे फोटो फिरतात तेव्हा आपल्याला झोंबतं. मग दुसऱ्या कुणाचा तसाच फोटो आपल्या गटात आला की आपण काय करतो? बातमी आली तर आधी शहानिशा करा, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती फक्त इतरांसाठी नाही.

भाचीला मी एवढंच सुचवलं आहे: माशी उन्हात जमिनीवर टेकली की पंख पसरून बसते. तोवर थांब. मग वरून फोटो घे.