सायकलीची निवड

वाढत्या मुलाचा सदरा दोन बोटें मोठा शिवावा, हा आपल्या घरोघरींचा जुना शिरस्ता आहे व तो योग्यच आहे. परंतु तोच न्याय सायकलीस लावणें हितावह नाहीं. सदरा मोठा झाला तर बाही दुमडतां येते. सायकल मोठी झाली तर पाय लांब करतां येत नाहींत.

गेल्या जून महिन्यांत माझ्या वर्गांतील एका मुलाच्या आईनें मला सल्ला विचारला. शिवणकाम करून तिनें थोडी रक्कम साठविली होती. शाळा घरापासून पांच किलोमीटर दूर. मुलाचें मन गिअरांच्या, जाड टायरांच्या व पुढें स्प्रिंगा असलेल्या सायकलीवर जडलें होतें. आईस वाटे, कॉलेजांतही उपयोगी पडेल अशी मोठी सायकल घ्यावी. मीं म्हटलें, "आधीं रोजचा रस्ता पाहूं, मग रविवारची सहल, आणि रंग सर्वांत शेवटीं."

दुकानांत मीं मुलास मधली दांडी दोन्ही पायांमध्यें घेऊन जमिनीवर उभें केलें. दांडीच्या वर दोन-तीन बोटें जागा राहिली, ती सायकल त्याच्या मापाची. पायडल अगदीं खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील, इतकी सीट उंच केली.

गिअर चढावर पायांचा भार हलका करतो, पण पायडलाचे फेरे वाढवितो. शाळेचा रस्ता बहुतेक सपाट. तेथें त्याची गरज नव्हती. स्प्रिंगांनीं वजन वाढतें. धक्के सोसण्याचें काम टायरांतील हवाही करते. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर बनविला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. मडगार्ड, कॅरिअर व चेनकव्हर मात्र हवेतच. नाहींतर पावसाळ्यांत पाठीवर चिखल, खांद्यावर दप्तर आणि सांखळींत पाटलोण!

अखेर साधी सायकल घेतली. उरलेल्या पैशांत हेल्मेट, दिवा, कुलूप व पंप आला. मुलाचें तोंड त्या दिवशीं उतरलेलेंच होतें.

दिवाळीनंतर एका रविवारीं हीं मुलें पुण्याहून खडकवासल्यास गेलीं. सोमवारीं मीं त्यास विचारलें, "काय बाळ, जमलें का?" तो म्हणाला, "सर, चढावर मला उतरून चालावें लागलें; गिअरवाले पुढें गेले. पण धरणावर कणसें सर्वांनीं मिळूनच खाल्लीं." मग हळूच म्हणाला, "आणि शाळेंत मी एकदांही उशिरां आलों नाहीं."

विद्यार्थिमित्रहो, सायकल मागण्यापूर्वीं आपला रस्ता व आपलें माप नीट पाहा. आणि पालकांस विनंती, कीं मुलास दुकानांत बरोबर न्यावें. त्याच्या पायांचें माप घरीं बसून कळत नाहीं.