खापरपणजीचा कागद

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लीड्सच्या तुझ्या घरमालकिणीची पणजी १८८१ च्या खानेसुमारीत नाव, वय, कामधंदा, जन्मगाव अशी सगळी सापडली, आनंद आहे. पण पुढचं वाक्य टोचलं. ‘आपल्या लोकांना नोंदी ठेवायचं वळणच नव्हतं, काका.’ बये, वळण कुणाला नव्हतं हे तरी आधी विचारायचंस!

तुमच्याकडे ती मोजणी ३ एप्रिलला झाली. त्याच वर्षी, त्याच राणीच्या राज्यात, आपल्याकडे १७ फेब्रुवारीला झाली होती. आपल्या भीमथडीतही माणसं घरोघर फिरली. तिकडचे कागद सरकारनं जपले आणि शंभर वर्षांनी लोकांना उघडून दिले. इकडच्या कागदांवरून बेरजा काढल्या आणि कागद नष्ट केले. रयत किती हे सरकारला हवं होतं, कोण याच्याशी काय घेणं? पुणे जिल्ह्याची माणसं १८७२ पेक्षा १८८१ ला कमी भरली. मधे शहात्तर-सत्त्याहत्तरचा दुष्काळ. आपल्या घरातली कोण गेली ती त्या वजाबाकीत आहेत, आणि वजाबाकीतून नाव निघत नाही.

वर्तमानपत्रांचं म्हणशील, तर ‘ज्ञानप्रकाश’ पुण्यात १८४९ पासून होता, भालेकरांचा ‘दीनबंधु’ १८७७ पासून, ‘केसरी’ त्या मोजणीच्या दीड महिना आधी निघाला. पण त्यात पणजोबाच्या बापाचं नाव शोधायला बसू नकोस. सुप्याचा बाजार १२ मे १८७५ ला पेटला, सावकारांची खतं लोकांनी जाळली. त्या बातम्यांत सावकाराला नाव असतं, आपण सगळे मिळून ‘कुणबी लोक’. पाऊस कधी पडला, जोंधळा काय भावानं गेला, पटकी कुठं आली, एवढ्यासाठी ती चाळ.

आपली माणसं सापडतात ती जमिनीत आणि कर्जात. गोल्डस्मिड-विंगेटची मोजणी १८३५-३६ त शेजारच्या इंदापुरातच सुरू झाली, तिच्यामागून खातेदारांची नावं आली. सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ चा कायदा झाला आणि शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारापुढे लिहिल्याशिवाय चालेना. त्यातलंच एक आपल्या ट्रंकेत आहे, शके १८०३ चं. दुष्काळानंतर चारच वर्षांनी. फिटलं म्हणून परत आलं, वरचा कोपरा फाडलेला आहे. जाडसर कागद, घड्यांवर विरलेला, बोरूची एकटाकी मोडी. कर्ज घेणारी तुझी खापरपणजी. ‘कोम’ म्हणून आधी गेलेल्या नवऱ्याचं नाव लावलंय. साक्षीदारांच्या नावांपुढे नांगर काढलेत आणि तिच्यापुढे निशाणी बांगडी. विधवा बाई ती, हातात बांगडी नाही आणि सही मात्र बांगडीची! लिहिणाऱ्यानं रिवाजानं एक वाटोळं काढलं असेल. मला मात्र तो कागद फार वेळ हातात धरवत नाही.

तिचं नाव तुला कळवणार नाही. मोडी शीक आणि स्वतः वाच. रागावू नकोस, पण इंग्रजी कागदांवर डोळे फोडायची तुमची तयारी असते आणि आजीच्या घरची लिपी पाहिली की ‘काहीतरी संस्कृत आहे’ म्हणून मोकळे होता. अण्णांच्या पिढीपर्यंत ती शाळेत होती. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून तहसील कचेरीत मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय, आमच्या गल्लीतली दोन पोरं शिकायला जातात. दाखल्यासाठी का होईना, शिकतात. पण दाखला हातात पडला की पुन्हा कोण बघणार? ज्या पानावर जातीची नोंद नाही, नुसती एका बाईनं बैलासाठी काढलेली रक्कम आहे, ते पान कुणाच्या कामाचं? त्र्यंबकच्या उपाध्यांकडेही आपल्या घराण्याची वही आहे, तिच्यात श्राद्धाच्या निमित्तानं बायकांची नावंही असतात. अण्णा गेले तेव्हा आम्ही गेलो होतो. उपाध्यांचा मुलगा म्हणाला, पुढचं कोण चालवेल सांगता येत नाही.

तुझा दादा घर पाडून स्लॅब टाकतोय, हे तुला ठाऊक असेलच. माळ्यावरचं सामान खाली आलंय. तांब्याचे हंडे आत नेले, ट्रंक पडवीत आहे, आणि पडवी गळते. मी दोनदा बोललो; ‘बघतो काका’ म्हणतो. परवा भंगारवाला येऊन वजनाचा काटा लावून गेला म्हणे. गुडघ्यांमुळे मला एसटीनं जाववत नाही.

तुझं तो ऐकतो. हे पत्र मिळाल्याबरोबर त्याला फोन कर, ट्रंक तुझ्या नावानं माझ्याकडे पाठवायला सांग. कागद लॅमिनेट करून घेऊ नकोस म्हणावं, गोंदही लावू नकोस. आणि डिसेंबरात येशील तेव्हा आठ दिवस जास्तीचे काढ. मुळाक्षरं मी शिकवीन.

तुझा
काका