पित्ताशय गेले, पित्त राहिले

पित्ताशय काढल्यावर 'आता पित्ताचा त्रास कायमचा गेला' असे म्हणून माझे अभिनंदन करणारे आप्त बरेच भेटले. दोष आपल्या भाषेचा. आंबट ढेकर, डोकेदुखी, अंगावरच्या गांधी, सारे आपण 'पित्ता'च्याच खात्यावर मांडतो. यकृतात रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त शस्त्रक्रियेनंतरही तयार होतच असते. गेलेली असते ती त्याची साठवण. पूर्वी स्निग्ध अन्न पोटात उतरले की पित्ताशय आकुंचन पावून दाट पित्त एकदम सोडी. आता ते अविरत झिरपते. एका बैठकीतल्या भरपूर तुपातेलाला पुरे पडत नाही आणि कुणाकुणाला जुलाबही होतात.

कतारगामात हे पथ्य जिकिरीचे. येथल्या पापडीवाचून सुरती उंधियूला चव नाही, आणि तेलावाचून उंधियू नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची घारी तर तुपाने माखलेली. पहिले काही आठवडे मी मऊ भात, मुगाचे वरण, ताक असे थोडेथोडे चार-पाच वेळा घेतले. कडधान्ये, पालेभाज्या मागाहून. आता उंधियू अर्धी वाटी, तेल निथळून. घारीची एक फोड. आपल्या घरांतला पंगतीचा आग्रह मात्र तेलाहून चिवट!

डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली, ती भारतातली पहिली. तेव्हापासून रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो आणि घरचे त्याला धडधाकट समजतात. पण पित्तनलिकेत एखादा खडा मागे राहू शकतो. ताप, कावीळ वा पोटात तीव्र कळ आली, तर काढ्यात वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.