दोन मिनिटांचा गलका

घसा पार बसला. चार दिवस एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गप्प बसल्या बसल्या मन सारखं एरिक माझूर यांच्या वर्गात जात राहिलं.

हार्वर्डमध्ये ते १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवत होते. व्याख्यानं मुलांना आवडत, अवघड गणितंही सुटत. मग १९९० मध्ये त्यांनी साधे प्रश्न विचारून पाहिले. जड ट्रक हलक्या मोटारीवर आदळला, तर जास्त बल कोणावर? न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं दोन्हींवर सारखंच. तरी कितीतरी जणांचं चुकलं.

त्यांनी स्वतःचं बोलणं कमी केलं. आधी प्रश्न, मग ज्याचं त्याचं उत्तर, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर. पुढे हातात क्लिकर आले. बटण दाबलं की कोणत्या पर्यायाला किती मतं, ते सरांना लगेच दिसतं. मागच्या बाकावरचा अबोल मुलगाही त्यात मोजला जातो.

आकडे यंत्र देतं. उमगतं मात्र त्या दोन मिनिटांच्या गलक्यात, शेजाऱ्याला पटवून देताना.

वाफ घेताना तोच गलका कानात घुमत होता. ट्रकचा प्रश्न वहीत उतरवून ठेवलाय. सोमवारी तास आहे, आवाज अजून परतलेला नाही.