जिलबी, मठ्ठा आणि सोतेर्न

पंगतीत जिलबी आली की तिच्यामागून मठ्ठा येतोच. पुरणपोळीशेजारी कटाची आमटी नसेल, तर यजमानाला नावे ठेवली जातात. गोडाला सोबत आंबट-तिखटाची, हे आपल्याकडे कोणी शिकवीत नाही. ते पानात वाढलेलेच असते. फ्रेंच गृहस्थ मात्र गोड पदार्थ जेवणाच्या शेपटाला बांधतो, आणि या रीतीपायी तिथल्या एका फार गुणी वाइनचे हाल झाले आहेत.

तिचे नाव सोतेर्न. बोर्दो शहराच्या आग्नेयेला, गारोन नदीजवळ या नावाचे गाव आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता तुलूझला भाच्याकडे गेलो होतो. मामा-मामी आले म्हणून त्याने हौसेने सोतेर्नची बाटली आणली, आणि 'ही गोडाबरोबर घेतात' असे ऐकून समोर मामीच्याच करंज्या नि अनारसे मांडले. आमच्या घरात वाइनची परंपरा नाही. पण भाच्याचे मन मोडण्याचीही नाही. रंग केशर घातलेल्या पाकाचा. वास मधाचा, जर्दाळूचा, थोडा संत्र्याच्या सालीचा. अनारशाचा तुकडा खाऊन घोट घेतला, तर वाइन अगदी पातळ आणि आंबट!

"लाडवावर चहा प्यायल्यासारखं झालं की हो," असे म्हणून ही उठली आणि डब्यातल्या चकल्या घेऊन आली. खारट, तिखट, लोणी घातलेली चकली. मागून थंडगार घोट. लगेच मध परत आला, आणि मधामागचा आंबटपणाही आपल्या जागी शहाण्यासारखा बसला. खुद्द फ्रेंच जाणकारही हिला रोकफोर चीजबरोबर घेतात. ते मेंढीच्या दुधाचे, खारट, आत निळी-हिरवी बुरशी. ही सोयरीक मला फार आवडली, कारण सोतेर्नचे कूळही बुरशीचेच.

त्या बुरशीचे नाव बोट्रायटिस. सिरोन नावाचा थंड पाण्याचा ओढा उबदार गारोनला मिळतो, तिथे शरद ऋतूत रात्री धुके धरते. धुक्याने द्राक्षांवर बुरशी येते. ती सालीला बारीक छिद्रे पाडते, पाणी उडून जाते, साखर आटत राहते. दुपारी ऊन पडले पाहिजे, एवढीच अट! ते न पडता पाऊस लागला, तर तीच बुरशी सगळा घड सडवून टाकते. पहिल्या प्रकाराला फ्रेंचमध्ये 'उदात्त कूज' म्हणतात. मराठीच्या मास्तराला हा शब्दप्रयोग पचायला जड. आपल्याकडे कुजके असते ते बोलणे किंवा मन; त्याला उदात्ताच्या पंगतीला अजून कोणी बसवलेले नाही.

सगळी द्राक्षे एकदम कुजत नाहीत. म्हणून तोडणी करणारे त्याच वेलींमधून पाच-सहा वेळा फिरतात आणि तयार झालेले तेवढेच हाताने खुडतात. शातो दिकेम हे इथले सर्वांत मानाचे घराणे. १८५५ च्या प्रतवारीत त्याला एकट्याला सर्वांच्या वर बसवले होते. तिथे एका वेलीमागे एकच पेला वाइन निघते असे सांगतात. मनाजोगे जमले नाही की त्या वर्षी दिकेमची बाटलीच निघत नाही. १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ ही अशी वर्षे.

मोठ्यांना हा मानीपणा परवडतो. भाचा आम्हांला घेऊन गेला तो एका लहान मळेवाल्याकडे. सत्तरीचा माणूस, हात वेलीच्या खोडासारखे. त्याची तक्रार पावसाबद्दल नव्हतीच. लोक माझी बाटली केकबरोबर, पोट भरल्यावर उघडतात, म्हणाला. एकेक घोट घेतात आणि पुन्हा वर्षभर तिचे नाव काढीत नाहीत. गोड वाइनचा खप घटला, म्हणून शेजारचे मळे आता साधी, बिनगोडाची पांढरी वाइन करू लागले आहेत. त्याचा मुलगाही तेच म्हणतो. त्यात धोका नाही, दुपारच्या उन्हाकडे डोळे लावून बसणे नाही. मुलाचे चुकते असे मला म्हणवेना. पण जेवणातली एक जागा हुकल्यामुळे एवढी विद्या मोडीत निघावी, याचे वाईट वाटले.

हिने पिशवीतून चकल्यांचा डबा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने एक मोडून वास घेतला, खाल्ली, आपल्याच वाइनचा घोट घेतला आणि काही न बोलता दुसरी उचलली. तिसरी त्याने मुलाला हाक मारून त्याच्या हातावर ठेवली. दोघांचे फ्रेंचमध्ये बराच वेळ काही चालले होते. भाच्याने ते आम्हांला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

निघताना तो डबा परत देऊ लागला. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, असे हिने भाच्याकरवी गमतीने त्याला सांगितले. तो वेलींमध्ये गेला आणि डबा भरून घेऊन आला. आत राखाडी लव धरलेली, सुरकुतलेली, जांभळट द्राक्षे होती. मंडईत कोणी पायानेही सारली नसती. हिने एक क्षण माझ्याकडे पाहिले आणि त्यातले एक तोंडात टाकले.

"अहो," ती म्हणाली, "मुरांबा आहे हा!"