आतले चाक

१९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने लोखंडी नळ्या जोडून एक चिमुकली गाडी रचली व तिला गवतकापणी यंत्राचे इंजिन बसविले. हीच पहिली गो-कार्ट. लवकरच हे वेड ब्राझीलला पोहोचले. साओ पावलो नगरीतील आयर्टन सेन्ना चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला अशीच गाडी बनवून दिली.

या गाडीची घडण मोठी विलक्षण! बैलगाडीची चाके कण्यावर सुटी फिरतात. कार्टची मागची चाके मात्र कण्याला घट्ट जखडलेली. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असते, पण आतले चाकही त्याच गतीने फिरते आणि गाडी वळेनाशी होते. म्हणून वळताना आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जावे लागते. त्यासाठी सांगाडा लवचीक ठेवतात. चाकांमधील अंतर थोडे बदलले, आसन किंचित सरकविले, की गाडीची चाल पालटते. भाड्याच्या गाडीत ही मुभा कोठली?

एकदा पावसातील शर्यतीत सेन्ना सपशेल हरला. ती हार त्याच्या जिव्हारी लागली. तेव्हापासून पाऊस आला, की तो गाडी घेऊन बाहेर पडे.

१९७९ व १९८० साली जागतिक कार्ट-स्पर्धेत तो दुसरा आला; पहिला कधीच नाही. पुढे फॉर्म्युला वनमध्ये तो तीनदा जगज्जेता झाला. तरीही १९९३ साली, कोणाशी झुंजताना सर्वाधिक आनंद लाभला, असे विचारताच त्याने नाव घेतले ते टेरी फुलर्टनचे, कार्टच्या दिवसांतील आपल्या इंग्रज सोबत्याचे.